मुक्कामाच्या गावची फाईल

मेहुणे तातेराव यांस,
पुंजाराम दाजीचा आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, सोयाबीन घरात आलं असेल आणि तुमच्या द्वारका अक्का जाफराबादला बसून माझ्या नावानं बोटं मोडत असतील, असं धरून चालतो.

एसटी स्टँडावर तीस वर्षं गाड्या सोडल्यावर मी जालन्यात मुलांच्या संरक्षणाच्या कचेरीत तीन महिने कागद सांभाळायला आलो, हे तुम्हाला ठाऊकच. कायमच्या क्लार्कबाई बाळंतपणाला गेल्या. आकांक्षा मॅडम (वय आपल्या नातीएवढं, नजर तिकीट तपासणाऱ्याची) म्हणाल्या, फायली नीट लावा. मी लावल्या. नावानं न्हाई, गाडीच्या मार्गानं. भोकरदन रस्त्याची पोरं एका कप्प्यात, वाटूर रस्त्याची दुसऱ्यात.

मंग मंगळवारी बालकल्याण समिती बसली. आसिफा म्हणून नऊ वर्षांची, आईबाप गेलेली पोर. वाटूरच्या मैमूना खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहायचं का बालगृहात जायचं, ते त्या दिवशी ठरणार. घर पाहून आल्याचा अहवाल, शाळेचा दाखला, सगळं फाईलीत, अन् फाईल सापडेना. पोर मूळची केदारखेड्याची, म्हणून भोकरदनचा कप्पा तीनदा उपसला. (माझा हरवलेला चष्मा तेवढा निघाला.) आसिफा खालाचा पदर धरून माझ्याकडंच बघत होती.

रडकुंडीला येऊन मी मैमूनाबाईंना माझी सगळी पद्धत सांगितली. त्या म्हणाल्या, "चाचा, स्टँडावर गाडी कुठली समजायचे तुम्ही?"
"जिथं मुक्कामी असती तिथली."
"मंग पोरगी मुक्कामी कुठं राह्यते?"

वाटूरच्या कप्प्यात पहिलीच फाईल. अर्ध्या तासात निकाल झाला, आसिफा खालाकडंच राहणार. माझ्या जिवात जीव आला. लागोपाठ दोन चहा प्यालो. जाताना आसिफानं माझी स्टँडावरची जुनी शिट्टी मागून घेतली अन् व्हरांड्यात अशी फुंकली की शिपाई झोपेतून उठून उभा राहिला.

पंधरा तारखेला मुदत संपते. घरी येतो, पुन्हा कागदाला हात लावत न्हाई, एवढं अक्कांना सांगा.

तुमचा,
पुंजाराम दाजी

ता. क. वरची ओळ सांगू नका. क्लार्कबाईंची रजा वाढली, मला आणखी तीन महिने मिळालेत. ते अक्कांना तुम्हीच समोर बसून सांगा. तुमचं बोलणं त्या बिलकुल मोडत न्हाईत.

आणखी ता. क. मॅडमनी फार आग्रह केला म्हणून सांगा. अर्ज मीच दिलाय. पोर खालाकडं नीट आहे का ते बघायला आसिफाची पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, अन् माझ्या फायली माझ्याशिवाय कुणाला सापडत न्हाईत.