मधलं भोक

आल्शेर बेट,
५ मार्च

लाडके सिग्ने,

तुझा फोन ठेवला आणि लगेच कागद घेतला. फोनवर मला नुसतं हवापाणीच बोलता येतं. तर आधी हवापाणी: खाडी अजून गोठलेली आहे, मांजरी व्यायली, गुडघे माझं ऐकत नाहीत. राय धान्याचे पाव पाठवलेत, कडक वाटले तर सुपात बुडव.

अर्जाची मुदत महिनाअखेर संपते म्हणालीस. बर्फाचं शास्त्र शिकणार. लाकडी नावा बांधायच्या शाळेचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बांधलेली तुझी होडी परसात पालथी आहे. हात फिरवला तर कुठे रंध्याची खूण लागत नाही. असो.

"बाबांनी बर्फ नीट मोजला होता, मी सिद्ध करून दाखवीन," म्हणालीस. त्यासाठीच हे पत्र.

तुझा बाबा, माझा स्वान्ते, बारा हिवाळे बर्फावरचा रस्ता सांभाळायचा. दर आठवड्याला या काठापासून त्या काठापर्यंत गिरमिटानं पाच भोकं पाडायची, जाडी वहीत लिहायची आणि सुखरूप वाटेनं जुनिपरच्या फांद्या रोवायच्या. त्या फांद्यांच्या भरवशावर सारं बेट दुकानाला जायचं. मधल्या भोकाला फार जपावं लागे. तिथे खाली प्रवाह आहे.

तू जन्मलीस त्या दिवशी तो पहाटेच तुझ्या आईला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेला. जाताना गिरमीट माझ्या हातात दिलं. मला ते काम येत होतं, तुझ्या आजोबांबरोबर मीच करायचे. दोन भोकं पाडली. मधल्या जागी मांडीएवढा भुसभुशीत हिमाचा ढीग होता. तो उपसायला हवा होता. पण बोटं बधिर झाली होती, आणि एक वाजता फोन येणार होता, मुलगा की मुलगी. मधलं सोडलं. पलीकडची दोन पाडली आणि वहीत मधल्यासमोर गेल्या आठवड्याची जाडी लिहिली. हिमाच्या पांघरुणाखाली बर्फ पातळ राहतो हे मला ठाऊक नव्हतं का? होतं, सिग्ने.

परतताना टपालवाला आल्फ भेटला. म्हणाला, "मावशी, तुमच्या पावाइतका जाड आहे ना बर्फ? मग हत्ती नेतो." मी हसले.

दोन दिवसांनी तो त्याच जागी टपालासकट खाली गेला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी स्वान्तेला म्हटलं, मी सांगते सगळं. तू त्याच्या खांद्यावर झोपली होतीस. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, भोकं मी पाडली, इस्पितळात निघायच्या आदल्या दिवशी. तू दिवसभर पाव भाजत होतीस. पोरीच्या वाढदिवसाला हे चिकटू द्यायचं नाही."

मी गप्प बसले. त्याचं काम गेलं. दुकानात बायका त्याच्याकडे पाठ करायच्या, आणि मी त्यांच्याशीच बटाट्यांबद्दल बोलायचे.

तुझ्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी बाबा कुठे जातो, तू विचारायचीस. त्या मधल्या जागी जायचा. तो वारल्यापासून मी जाते. यंदाही गिरमीट फिरवलं. काळं पाणी वर आलं. भोकाशी वाकले की वाटतं, खालून कुणी विचारतंय, आता कशाला?

तेव्हा बर्फाला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, बाळा. उत्तर एकोणीस वर्षं माझ्या पदरात बांधलेलं होतं. बर्फाची ओढ असेल तर जरूर शीक. पण बापाची साक्ष द्यायला म्हणून जाऊ नकोस, ती मी देणं लागते. आज पत्र टाकून मी आल्फच्या बायकोकडे, ब्रीटाकडे जाणार आहे. तिनं दार लावलं तर पायरीवर उभी राहून सांगेन.

होडीवर ताडपत्री घातली आहे. माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही तरी तिच्यासाठी ये.

वाढदिवस तुझाच आहे, तो तुझ्याकडेच ठेव.

मधलं भोक न पाडलेली,
तुझी आजी गुन्वोर