फुली मारलेलं उत्तर

मंगळवार, १४ मे
विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर सेकंड इयरच्या ऑरगॅनिकचे आज बेचाळीस पेपर तपासले. प्र. ३ (ब) सगळ्यांना सोपा गेलाय. ३,३-डायमिथिल-१-ब्युटीनवर HBr. नमुना उत्तरात H डबल बाँडच्या टोकाच्या कार्बनला, ब्रोमीन त्याच्या शेजारच्या. एकाने ब्रोमीन भलत्याच कार्बनवर नेलाय, वर बाण-बिण काढून. फुली. शून्य. गठ्ठा जमा केला.
बसमध्ये तो बाण डोळ्यांसमोरून हलेना.

बुधवार, १५ मे
सकाळी पुस्तक काढलं. त्याचंच बरोबर! डबल बाँडने H⁺ ओढून घेतला की शेजारच्या कार्बनवर धन प्रभार येतो. पण तो तिथे टिकत नाही. पलीकडच्या कार्बनवरून एक मिथिल उडी मारून येतो, प्रभार त्या पलीकडच्या कार्बनवर सरकतो, जास्त स्थिर होतो. ब्रोमीन मुख्यतः तिथेच जातो. हे मी स्वतः वर्गात शिकवते. नमुना उत्तर हातात आलं आणि डोकं बाजूला ठेवलं.
मॉडरेटर भागवत सरांना सांगितलं. नमुना उत्तर त्यांचंच.
"विद्यार्थ्याने उडी मारली म्हणून आपणही मारायची का, मॅडम?"
टेबलावरचे सगळे परीक्षक हसले. मीही. का हसले मी?

गुरु., १६ मे
सोमवारी कॉलेजात कायम करण्यासाठी मुलाखत. सहा वर्षं टेंपररी. समितीत भागवत सर.
मिलिंद म्हणाला, "नवऱ्याचं ऐकू नकोस, पण पाच मार्कांसाठी नोकरी घालवू नकोस. एवढं येतं त्याला, तो काय नापास होणार आहे?"
तो नाही होणार कदाचित. आणि बाकीच्या टेबलांवर अशा किती फुल्या...

शुक्र., १७ मे
पत्र लिहिलं. तिसऱ्यांदा जमलं. चारच ओळी. तपासताना माझी चूक झाली, नमुना उत्तरही दुरुस्त करावं, गठ्ठे पुन्हा पाहावेत.
सरांनी वाचलं. चष्मा काढला.
"हे मी पाहिलंच नाही, असं समजू का?"
"नाही सर. पाहिलंत असंच समजा."
माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. सरांनी पत्र घडी करून खिशात टाकलं.

शनि., १८ मे
केंद्रावर कोणी विषय काढला नाही. चहाला कोणी हाकही मारली नाही. क्लार्क म्हणाला, तुमचा गठ्ठा आहे तिथेच आहे.

रवि., १९ मे
शेजारी आपट्यांकडे फोन आला. सर स्वतः.
"उद्या मुलाखत साडेदहाला. तुम्ही दहाला या. ते पत्र टाइप करून आणा. तीन प्रती."
"कशासाठी, सर?"
फोन ठेवला होता. आवाजावरून काही कळेना. रागावलेत, की...
मिलिंद आपट्यांचा टाइपरायटर उचलून घेऊन आला. कागद चढवला. "हं, सांग."
दोघंही पहिल्या ओळीवरच अडलोय. 'माझी चूक' आधी, की 'नमुना उत्तरातली'?