बजरंगभाऊजींचं कपाट

तिसगाव,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,
गोजरमावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन करून दमली असशील, म्हणून हे पत्र. माझा मोबाईल बजरंगभाऊजींच्या कपाटात आहे. माझाच काय, आळीतल्या सगळ्या बायकांचे तिथंच आहेत. झालं असं, की भाऊजींच्या सुनेला, पूजाला, वीज कंपनीतून बोलतोय म्हणून कुणाचा तरी फोन आला. संध्याकाळी लाईट तोडतो म्हणाला. घाबरून पोरीनं ओटीपी सांगून टाकला आणि खातं साफ झालं. वर भीतीपोटी आठवडाभर घरात बोललीही नाही. आता मान खाली घालून वावरते, बघवत नाही.

हे कळल्यावर भाऊजींनी पुरुषांची बैठक घेतली. बायका भोळ्या, कुणी दोन शब्द बोललं की भुलतात, तेव्हा मोबाईल आपल्या ताब्यात बरे, असं ठरलं. आमच्या बचत गटाला कुरडया-पापडांची मागणी येते ती फोनवर. लग्नसराई तोंडावर आली आहे. मागणी बुडाली तर गट मोडेल, आणि ते मला सोसणार नाही. तू कॉलेजात माणसं कशी फसतात याचाच अभ्यास करतेस ना? मावशीला त्याचा काही उपयोग होतो का, ते कळव.

तुझ्यावर जीव आहेच, तो असाच राहील.
गोजरमावशी

नगर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, आणि तुझं तिरकं अक्षर बघून हसूही आलं. पूजाला आधी सांग, ती भोळी म्हणून फसली नाही. हे लोक कुलूप फोडत नाहीत, माणसाच्या स्वभावाला हात घालतात. कुणाला भीती घालतात, कुणाला घाई करतात, कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, म्हणून त्यांचं फावतं. तिनं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवलं असतं, तर कदाचित पैसे अडवता आले असते. तिला बोलतं ठेवा, बोल लावू नका.

आता बजरंगकाकांपुढे एवढं मांड. महिनाभर मोबाईल परत द्यावेत. त्या महिन्यात आमची कॉलेजची मुलं कधीतरी खोटा फोन करतील, बायकांना आणि पुरुषांनाही. हे सगळ्यांना आधीच सांगायचं. ओटीपी सांगायला कुणी सुरुवात केली की आम्हीच थांबवू. एका जरी बाईनं सांगितला, तर मोबाईल कायमचे कपाटात. बायकांना शिकवायचं एवढंच, की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, राग आला तर थोडा कर.
तुझी सृष्टी

तिसगाव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

भाऊजी तयार झाले. पुरुषांनाही फोन येणार म्हटल्यावर तर हसलेच. म्हणाले, आमाला कोन फशिवतंय.

तुझी शिकवण मात्र इथं चालली नाही. सांगायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. अडतं दुसरीकडेच. समोरचा ताई म्हणून अदबीनं विचारतो, त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. दारी आलेल्याला पाणीही न विचारता घालवल्यासारखं वाटतं. गटातली बनुबाई म्हणाली, तोंडावर न्हाई म्हनायला लई जड जातं.

मग मला रेशनचं दुकान आठवलं. तिथं मालकांचं नाव विचारलं, की आम्ही जुन्या बायका ते घेत नाही, शेजारणीकडे बघून हसतो. आजवर त्यावरून कुणी आम्हाला उद्धट म्हटलं नाही. मी म्हटलं, ओटीपी म्हणजे मालकांचं नाव. कलेक्टरनं विचारलं तरी जिभेवर येणार नाही. बायका खळखळून हसल्या. पूजा म्हणाली, मी तर नवऱ्याला, ओमला, नावानंच हाक मारते, मी काय करू. तिला म्हटलं, तू माझ्या मालकांचं नाव समज. कितीतरी दिवसांनी पोरगी हसली.

नाव न घेण्याच्या या चालीवरून तू माझ्याशी किती भांडली होतीस. आता बोल.

भांडत राहा, पण माया ठेव.
गोजरमावशी

नगर,
२४ मार्च २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलात तुम्ही. एकीनंही ओटीपी सांगितला नाही. आमच्या मुलांनी लाईट तोडायची भीती घातली, खातं बंद करतो म्हटलं, अगदी रडूनही बघितलं. बनुबाईंनी हसून सांगितलं, की बाबा, ते नाव आमी घेत नसतो, आणि जेवलास का म्हणून विचारलं. त्या चालीबद्दल मी पुन्हा भांडणार आहे. पण समोरच्याला न दुखावता नकार देणं तुम्हाला आधीपासून येत होतं, आणि मी तुम्हाला नुसता नियम पाठ करायला लावत होते.

पुरुषांतले बरेच घसरले. बजरंगकाकांना तर आम्ही भीतीही घातली नाही. आळीत जबाबदार माणूस तुम्हीच, म्हणून आधी तुम्हाला विचारतो, एवढंच म्हटलं. ते लगेच आकडे सांगू लागले. आम्ही थांबवायच्या आत वर म्हणाले, बायकांचे मोबाईल सध्या कपाटात न्हाईत, न्हाईतर समद्या आळीचे देऊन टाकले असते. मावशी, सगळे मोबाईल एका कपाटात ठेवले, की चोराला एकाच माणसाला पटवावं लागतं.

हे बैठकीत वाचायचं की नाही, ते तू ठरव.

तुमच्या सगळ्यांच्या लोभात मलाही धरा.
तुझी सृष्टी

तिसगाव,
अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल २०२५

चि. सृष्टीस,
अक्षय्य तृतीयेचे भरभरून आशीर्वाद.

मी ते वाचणार नव्हते, म्हटलं घरचाच माणूस आहे. पण पूजा उठली, पत्र मागून घेतलं आणि सासऱ्यांसमोर खणखणीत आवाजात सगळं वाचलं. बायकांना चेव आला. बनुबाई म्हणाली, आता बाप्यांचे मोबाईल कपाटात घाला आन किल्ली आमच्याकडं द्या. भाऊजी खाली बघत राहिले.

पूजानं सगळ्यांना गप्प केलं. मामांना कुनी हसायचं न्हाई, म्हणाली. माज्यासारखं आठवडाभर तोंड लपवून बसले, तर पुढच्या खेपेला खरंच लुटले जातील.

मोबाईल आमच्याजवळच राहिले. कुरडयांच्या मागणीला हात पुरत नाहीत. दर मंगळवारी पूजा पुरुषांना शिकवते, कसे फोन येतात आणि कसं नाही म्हणायचं. भाऊजी पहिल्या रांगेत बसतात. काल कुणीतरी त्यांना विचारलं, की एवढं कुठं शिकला. त्यांनी पूजाकडे हात केला आणि म्हणाले, ही आमची मास्तरीन. सृष्टी, त्या क्षणी पोरीची मान वर होती.

तुझी अभिमानानं फुगलेली,
गोजरमावशी