मूळ ठिकाण सांगता येत नाही

अण्णा,

तुमची पत्र्याची पेटी मी गेल्या महिन्यात उघडली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आई होती तोवर तिने त्या पेटीला कुणाला हात लावू दिला नाही, आणि आता आईही नाही. वर तुमचे जुने पासपोर्ट, त्याखाली आजोबांची नक्कलवही, आणि अगदी तळाशी तुमच्या ऑफिसातल्या एका कागदाची कार्बन कॉपी. एकच पान, चार ओळी. ते वाचल्यापासून मी तुमच्याशी भांडते आहे. कणीक मळताना भांडते, बँकेच्या रांगेत उभी राहून भांडते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे.

मस्कतला मी तेव्हा नववीत होते. गुरुवारी शाळा अर्धा दिवस, आई क्लिनिकमध्ये ड्यूटीवर, म्हणून शाळेची बस मला मत्र्याच्या बंदरावर तुमच्या शिपिंग एजन्सीच्या दारात सोडायची. तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मी बसायची आणि आजोबांच्या नक्कलवहीतलं एक पान उतरवून काढायची. आजोबा याच बंदरात गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होते. साहेबाच्या पत्रांच्या नकला त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात करून ठेवलेल्या, आणि ती वही तुम्ही मला वाढदिवसाला दिलीत. "इंग्रजी शिकायचं तर हे वाच." सगळी पत्रं माणसांबद्दलच होती. भिकारी, आजारी हाजी, जहाजावरून पळालेले खलाशी. मस्कतचा साहेब मुंबईच्या साहेबाला कळवतो की ही सात माणसं पुढच्या बोटीने पाठवत आहे. मुंबईचा साहेब कळवतो की ही आमची नव्हेत, परत पाठवत आहे. मग कराची, मग एडन. आणि ज्याच्याबद्दल काहीच लिहायचं नसेल त्याच्यापुढे एकच वाक्य, मूळ ठिकाण सांगता येत नाही. तुम्ही बोट ठेवून म्हणायचात, "बघ किती सभ्य भाषा. एक वाकडा शब्द नाही." मलाही ती भाषा आवडायची. याचा आता सगळ्यात जास्त संताप येतो.

तो माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा तुमच्या ऑफिसच्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसला होता. साठीचा असेल. किनाऱ्यावरच्या सूर गावात होड्या बांधणाऱ्यांकडे तो पंचवीस वर्षं सुतारकाम करत होता, आणि त्या वर्षी विनापरवाना माणसांची धरपकड झाली त्यात सापडला. जन्म मोंबासाचा, आई तिथलीच, बाप रत्नागिरीकडचा खलाशी. कागद कुठलाच नाही. "मी हिंदी," एवढं तो पोलिसांना सांगत राहिला, म्हणून तुमच्या एजन्सीच्या जहाजावरून त्याला मुंबईला पाठवलं. मुंबईने उतरवून घेतलं नाही. ज्या जहाजावर माणूस, त्या जहाजाच्या एजंटवर त्याची जबाबदारी, म्हणून तो परत तुमच्या स्टुलावर. मग मोंबासाला पाठवलात. त्यांनीही जहाजावरून उतरू दिलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा पॅसेजमध्ये, अंगावर तोच शर्ट, फक्त आता पाय सुजलेले. मी त्याला पाणी नेऊन देते. तो म्हणतो, "पोरी, दर्यावर माका कोन हाकलीत नाय. किनारा लागला का हाकलतत."

आणि मग एजन्सीच्या पत्राला मुंबईच्या अधिकाऱ्यांचं उत्तर आलं. हा माणूस आपल्याकडचा आहे असं त्याच्या बोलीवरून कुणी जाणकार लिहून देत असेल तर फेरविचार करू. अण्णा, एवढंच हवं होतं. एका मराठी माणसाची सही. आणि ऑफिसात मराठी माणूस एकच होता.

तुम्ही त्याला आत बोलावलंत, खुर्ची दिलीत. मी कोपऱ्यावर बसलेली. तासभर तुम्ही दोघं बोलत होतात, आणि तुमच्या तोंडून मी कधी न ऐकलेली बोली बाहेर पडत होती. घरी तुम्ही पुण्याच्या माणसासारखं बोलायचात. खाडीतल्या शिंपल्यांना काय म्हणतात असं तुम्ही विचारलंत. "मुळे," तो म्हणाला. "बापूस मुळेच म्हनायचा. आंबाड्याचो तुकडो घालून आमटी करायचा." तुम्ही टेबलावर हात आपटून हसलात. "अरे, आमच्या वाडीतपन तशीच करतत!" तो तुम्हाला भाऊ म्हणायला लागला. तुमचे डोळे ओले झाले होते, मी पाहिलं. अर्बाब, म्हणजे एजन्सीचे ओमानी मालक, दारात उभे होते. पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. ते हिंदीत म्हणाले, "लिख दो. तुम्हारे मुल्क का आदमी है." तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला, अर्बाब."

आता माझ्यासमोर ती कार्बन कॉपी आहे. सदर इसम संमिश्र बोली बोलतो. मूळ ठिकाण सांगता येत नाही. खाली तुमची सही.

का, अण्णा? अर्बाबांनी अडवलं नव्हतं. साहेब तर केव्हाच आपल्या देशी निघून गेला होता. त्या रात्री तुम्ही आईला सांगितलेलं मला आठवतं, "उद्या काही भलतं निघालं तर चौकशी माझी होईल. आपल्या व्हिसावर कशाला?" तुम्हाला भीती वाटली, हे मी समजू शकते. परक्या मुलखात पोट भरणाऱ्याला भीती वाटतेच. पण भ्यालात तर गप्प बसायचं होतं. "मला ठरवता येत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा," एवढं तरी म्हणायचं होतं. तुम्ही भीतीला आजोबांच्या वहीतलं सभ्य वाक्य घातलंत आणि त्या वाक्याने एका माणसाचं गाव पुसलंत. तुमचंच गाव. मुळे म्हणणारं.

तिसऱ्या खेपेला त्याला पुन्हा आफ्रिकेच्या वाटेवर पाठवलं. अकरा दिवसांनी जहाजावरून फॅक्स आला की सकाळच्या हजेरीला प्रवासी जहाजावर आढळला नाही. मी त्या गुरुवारी पॅसेजमध्ये रिकामं स्टूल पाहिलं आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "ते काका परत आले नाहीत?" तुम्ही समोर बघत म्हणालात, "खलास झालं ते." मी पुन्हा विचारलं तेव्हा इतक्या जोरात ओरडलात की पुढे कित्येक वर्षं मी तुम्हाला ऑफिसबद्दल एक शब्द विचारला नाही. "ऑफिसातल्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत!" आणि कागद मात्र तुम्ही घरात आणलात. पेटीच्या तळाशी जपून ठेवलात. तो पश्चात्ताप होता म्हणून मी तुम्हाला माफ करावं का? नाही करत. पश्चात्ताप पेटीत ठेवायची वस्तू नव्हती. त्याला तिसऱ्यांदा जहाजावर चढवेपर्यंत मुंबईला दुसरं पत्र लिहायला तुमच्याकडे पुरते पंधरा दिवस होते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हाही सांगितली नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी त्या काकांनी मला बापाच्या गावाचं आणि तिथल्या चुलतभावाचं नाव सांगितलं होतं. "तू शिकलेली हायस. दोन ओळी लिव. तुमचा भाव हयसर हाय म्हनून लिव." मी इंग्रजी शाळेतली, मला मराठी धड लिहिता येत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या लिहिते." दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सुट्टीचा. मी लिहिलं नाही. आणि गावाचं ते नाव आता मला आठवत नाही.