अर्जात लिहिलेले नाव

मी अब्दुल गफ्फार वल्द अब्दुल सत्तार, वय ७१ वर्षे, धंदा अर्जनवीस, राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, लिहिलेले मला समजते, कोणाचा दाब नाही. तहसिलीसमोर टेबल टाकून एकेचाळीस वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली आणि प्रत्येकात 'कोणत्याही भीतीशिवाय' हे शब्द घातले. स्वतःच्या मृत्युपत्रात मला ते घालता येत नाहीत. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे, पण त्याची भीती कमी आहे. मला कागदाची भीती वाटते. माझ्या एका कागदाने काय झाले ते कलम ३ मध्ये लिहिले आहे.

कलम १. माझी पत्नी हलीमाबी १९ मार्च २०१३ रोजी वारली. वारस दोन. मुलगा उजैर, अकोल्याला मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. मुलगी यास्मीन, अचलपूरला शाळेत शिक्षिका आहे. शरियतीप्रमाणे मृत्युपत्राने मला फक्त एक तृतीयांश मालमत्तेची व्यवस्था लावता येते, आणि तीही वारसांबाहेरच्या माणसासाठी. वारसाला काही जादा द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. ही मर्यादा मी पाळली आहे. नंतर कोणी खोट काढू नये.

कलम २. दर्यापुरातले राहते घर, पोस्टातली ठेव आणि खारपाणपट्ट्यातले दोन एकर शेत वारसांनी ठरलेल्या हिश्शाने घ्यावे. शेतात विहीर खोदण्याचा नाद करू नये. वडिलांनी केला, मग मी केला, दोन्ही वेळा पाणी खारट लागले. गेल्या तीन वर्षांत सोयाबीनही नीट हाती आले नाही, तरी शेत पडीक ठेवू नये. निदान हरभरा पेरावा.

कलम ३. बाजारातली माझ्या मालकीची एक खोली, पुढच्या ओट्यासह, मी वैद्य केशवराव यांना कायमची देतो. ती एक तृतीयांशात बसते. त्यांनी तिथे पुन्हा दवाखाना मांडावा अशी माझी इच्छा आहे. अट मात्र नाही. अट घालण्याचा मला हक्क उरलेला नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे. २०१२ च्या दिवाळीत हलीमाबीचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला आणि मोठ्या दवाखान्याने तिला घरी पाठवले. मॉर्फिनच्या गोळ्या तेव्हा नागपूरशिवाय मिळत नसत. मी महिन्यातून दोनदा जायचो. कधी साठा नसायचा, कधी सही करणारे डॉक्टर रजेवर असायचे. ती उशीचा कोपरा तोंडात धरून पडून राहायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.

केशवराव रजिस्टर केलेले आयुर्वेदिक डॉक्टर, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. त्यांनी तिला विजया दिली. विजया म्हणजे भांगेचे पान. ते दुधात शिजवून, धुऊन, तुपात घोटून तिच्यासाठी हरभऱ्याएवढी गोळी बांधायचे. मला म्हणाले, "कॅन्सर याच्यानं जाणार नाही, गफ्फारभाई. झोप लागंन, दोन घास पोटात जातीन. तेवढंच." चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती जागी होऊन छताकडे बघत होती. म्हणाली, "आज नींद लगी थी जी." दोन महिन्यांत मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

तिथेच मी थांबायला हवे होते. पण माझा सगळा जन्म कागदात गेला. परवानगीशिवायची गोष्ट घरात आहे, हे मला सहन होईना. कायदा मी वाचला होता. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलाफळांचे शेंडे, नुसते पान त्यात येत नाही. राज्याच्या कायद्यात मात्र पानालाही परवाना लागतो. वैद्याने औषधापुरते किती ठेवावे, कोणाला विचारावे, हे कोणी धड सांगेना. म्हणून ३१ जानेवारी २०१३ रोजी मी वरच्या कचेरीत अर्ज दिला, की तालुक्यातल्या दुखणाईतांसाठी वैद्यांना हे औषध ठेवण्याची स्पष्ट परवानगी द्यावी. अर्जाला पुरावा लागतो. मी पुरावा म्हणून केशवरावांचे नाव, दवाखान्याचा पत्ता आणि बरणीतल्या पानाचे वजन लिहिले. उजैर त्या दिवशी घरी होता. त्याने मसुदा वाचला आणि म्हणाला, "अब्बा, लिखकर मत दो. जो मिल रहा है, मिलने दो." मी त्याला सांगितले की खऱ्या गोष्टीला घाबरायचे नसते.

२३ फेब्रुवारीला दवाखान्यावर छापा पडला. पंचनाम्यासाठी शिकलेला माणूस हवा म्हणून मलाच बोलावणे आले. मी आत गेलो तेव्हा बरणी टेबलावर होती, केशवराव स्टुलावर बसले होते आणि छापा घालणाऱ्या साहेबांच्या हातात माझ्या अर्जाची प्रत होती. माझे अक्षर मी दारातूनच ओळखले. केशवरावांनीही ओळखले असणार, अनेक वर्षे त्यांचे कागद मीच लिहीत होतो. ते उठले. चप्पल घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. जप्त माल म्हणून 'गांजासदृश वनस्पती' असे लिहिले गेले. मी पंच म्हणून सही करायला नकार दिला. त्या दिवसातली माझी तेवढीच एक गोष्ट बरी.

हलीमाबी त्यानंतर चोवीस दिवस जगली. नागपूरच्या गोळ्या त्या महिन्यात एकदाच मिळाल्या. तिने विचारले, "वैद्यजी की गोली ख़त्म हो गयी क्या?" मी म्हटले, केशवराव गावाला गेलेत, येतील. ती मरेपर्यंत मी हेच सांगत राहिलो. मी तिच्याशी खोटे बोललो ते फक्त उजैरला माहीत आहे, आणि त्याने मला आजवर एकदाही ऐकवले नाही. ऐकवले असते तर बरे झाले असते.

केशवराव सदतीस दिवसांनी जामिनावर सुटले. हलीमाबीच्या जनाज्याला ते नव्हते. मी त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. ते म्हणाले, "आत या. तुमी काय खोटं लिवलं? होतं तेच लिवलं." मी म्हटले, "काही तरी बोला मले." ते म्हणाले, "काय बोलू? भाबी कशी गेली ते सांगा."

तपासणीच्या अहवालात नुसते पान निघाले, शेंडे नाहीत, आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना सोडले. तोवर भाड्याची जागा गेली होती. आता ते शेंदूरजनाघाटला मेहुण्याच्या संत्राबागेत राहतात. कोणी हात पुढे केला तरी नाडी बघत नाहीत, असे कळते. त्यांनी खोली नाकारली तर वारसांनी वर्षभर कुलूप तसेच ठेवावे आणि एकदा पुन्हा विचारावे.

कलम ४. ज्या बातमीदाराने छाप्याच्या दुसऱ्या दिवशी 'वैद्याकडे गांजाचा साठा' अशी आठ ओळींची बातमी दिली, त्यांनी सुटकेची एक ओळही दिली नाही. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो, तिन्ही वेळा ते जेवत होते. उजैरने निकालाची एक प्रत त्यांच्या हातात नेऊन द्यावी. भांडू नये. घेतल्याची सही मात्र घ्यावी.

कलम ५. माझा मराठी टाइपरायटर यास्मीनला. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून त्यावर स्वतःचे नाव उठवायची, आणि घाईत 'य'च्या जागी दुसरेच काही उठायचे. ती वारस असल्याने उजैरची लेखी संमती सोबत जोडली आहे. त्याने सही करताना दोन वेळा विचारले, "और कुछ तो नहीं लिखा ना इसमें?"

कलम ६. उच्च न्यायालयातली याचिका. ही मालमत्ता नाही आणि मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही लिहितो, कारण माझा जीव तिच्यात अडकला आहे. हलीमाबी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी केंद्राने कायदा बदलून मॉर्फिनची वाट काहीशी मोकळी केली. बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला. विजयेचे मात्र तसेच राहिले. केशवराव सुटल्यावर मी नागपूरला याचिका दाखल केली. मागण्या तीन: रजिस्टर डॉक्टरांनी विजया किती आणि कशी ठेवावी याचा स्पष्ट नियम व्हावा; तपासणीचा अहवाल येण्याआधी अशा डॉक्टरांना अटक होऊ नये; हे औषध कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला नाही, हे सरकारी डॉक्टरांनी तपासून सांगावे.

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. अर्जदार मी एकटाच. याचिका चालवणाऱ्या वकीलबाई म्हणतात, तुमचे काही बरेवाईट झाले तर दुसऱ्या कोणीतरी अर्जदार म्हणून पुढे यायला हवे, नाहीतर प्रकरण तिथेच संपेल. यास्मीन पुढे आली तर तिची नोकरी जाईल. केशवराव म्हणतात, मला आता कोणत्याच कागदावर घेऊ नका. उजैर म्हणतो, याचिका मागे घ्या, उद्या दुकानावर पोलीस आले तर मी काय करू. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. फाईल घरात नको असेल तर त्याने ती वकीलबाईंकडे द्यावी. जाळू नये, एवढे मात्र मी बाप म्हणून सांगतो.

एक बाई आहे. तिच्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत केशवराव तिला विजया देत. आई सांगते, दिवसाला आठ-नऊ फिट यायच्या त्या दोनवर आल्या होत्या. डॉक्टर म्हणतात तो गोळ्या बदलल्याचा गुण. मी डॉक्टर नाही. छाप्यानंतर पोलिसांनी दवाखान्याच्या वहीतली सगळी माणसे जबाबाला बोलावली, त्यात या बाईच्या नवऱ्याला दिवसभर बसवून ठेवले. औषध बंद झाले, फिट पुन्हा वाढल्या. तेव्हा ती मला म्हणाली होती, "चाचा, माहं नाव नोका टाकू कुठंच." अर्जदार म्हणून तिच्याइतके योग्य माणूस तालुक्यात नाही. कच्च्या मसुद्यात मी दोनदा तिचे नाव लिहिले आणि दोन्ही कागद चुलीत घातले. एकदा एक नाव लिहून बसलो आहे.

कलम ७. वरील मजकूर मी सकाळी पुरा केला. हे कलम दुपारी लिहीत आहे. साक्षीसाठी दोघांना बोलावले होते. शेजारच्या टेबलावरचे अर्जनवीस गोवर्धन आले. दुसरे गृहस्थ दारापर्यंत आले, विषय कळल्यावर बाजाराचे काम आठवले म्हणून परत गेले. त्याच वेळी ती बाई आली, मुलीच्या अपंग दाखल्याच्या कामासाठी. गोवर्धनला विचारू लागली, "ते भाऊ माघारी काहून गेले?" त्यांनी सांगितले. ती म्हणाली, मला वाचून दाखवा.

मी वाचले. कलम ६ मध्ये तिने हात वर करून मला थांबवले. मग म्हणाली, "हे एक बाई म्हंजे कोण?"

"तूच."

"मंग नाव काहून नाही लिवलं?"

"तूच नाही म्हटलं होतं."

"तवा पोरगी आठ वर्साची होती. आता बारा वर्साची हाय. शाळेतून नाव काढून टाकलं तिचं. साऱ्या गावाले माहीत हाय तिले काय होते ते. मी लपवून कोणाले वाचवून राहिली?"

मी तिला सगळे धोके सांगितले: पोलीस, तारखा, नागपूरच्या खेपा, लोकांचे बोलणे. नवऱ्याला विचार म्हटले. तिने माझ्याच फोनवरून त्याला लावला. तो बराच वेळ बोलत होता, ती "हो" आणि "माहीत हाय" एवढेच म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "भेले हायेत. पण नाही असं नाही म्हटलं."

मी म्हटले, सोमवारपर्यंत विचार कर. ती म्हणाली, "सोमवारी तुमी असान का नाही, कोण सांगते. आताच लिवा, अर्जदार म्हणूनबी अन् साक्षीदार म्हणूनबी." गोवर्धनने पेन पुढे केले. मी म्हणालो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे समजून सही कर. ती म्हणाली, "मले तुमचं काही नाही पाहिजे. नाव नीट लिवा, काना-मात्रा चुकू देऊ नोका."

माझी भीती गेलेली नाही. तिचे प्रतिज्ञापत्र आजच टाइप करून वकीलबाईंकडे रवाना करीत आहे. मी ऑपरेशनमधून उठलो तर दोघे अर्जदार राहू. नाही उठलो तर ती एकटी.

यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र मी केलेले नाही. हेच खरे धरावे.

ठिकाण: दर्यापूर
दिनांक: ११ जानेवारी २०१७

लिहून देणार: अब्दुल गफ्फार वल्द अब्दुल सत्तार (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. गोवर्धन शामराव इंगळे, वय ५८, अर्जनवीस, दर्यापूर (सही)

२. कौशल्या महादेव वानखडे, वय ३४, धंदा शेतमजुरी, आरतीची आई, राहणार येवदा, तालुका दर्यापूर, शाळेमागचे तिसरे घर (सही. नाव व पत्ता साक्षीदाराने स्वतः सांगितला आणि पूर्ण लिहायला लावला.)