तुमची गाडी घरी पोहोचली आहे

आदरणीय अबू जुमाना,

वदीअचा सलाम. तिकडे साओ पावलोत तुमची तब्येत, तुमचं कापडाचं दुकान आणि गेल्या पत्रात उल्लेख केलेली कंबर, तिन्ही ठीक असावीत ही इच्छा. (कंबर ठीक नसेल तर हे पत्र बसून वाचावं. ठीक असेल तरी बसूनच वाचावं.) इकडे माझी बहीण, म्हणजे तुमची अफीफा, बरी आहे. जुमाना बरी आहे. मी बरा आहे. आणि तुमची जुनी पांढरी गाडी घरी पोहोचली आहे. घरी म्हणजे तुमच्याच घरी. दिवाणखान्यात.

लेकीच्या, जुमानाच्या लग्नाला येता येत नाही असं तुम्ही कळवलंत आणि वर लिहिलंत, की माझ्याऐवजी माझी गाडी तिला चर्चपर्यंत नेईल, वदीअ चालवेल. जुमानाने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि काही बोलली नाही. मला कोणाचं गप्प बसणं सहन होत नाही, हे तुम्ही जाणता. मी शाळेत इतिहास शिकवला, शिक्षकांच्या सभांतून उभा राहिलो आणि मंत्र्यांना समोरासमोर सुनावलं. तेव्हा एका मुलीच्या शांततेपुढे मी हार मानणं शक्य नव्हतं. मी तिला बसवून सांगितलं, की इतिहासात राजे गैरहजर असताना त्यांचे घोडे मिरवणुकीत चालले आहेत आणि प्रजेने त्या घोड्यांना मुजरे केले आहेत. तिने आपल्या या मामाला विचारलं, "खालो, आणि राजाची मुलगी? तिनेही घोड्यालाच मिठी मारली?" मी विषय बदलला.

मग गाडी बाहेर काढली, तर तिचा आवाज आजाऱ्याने दाराआडून खाकरावा तसा. मला फार वाईट वाटलं. तुम्ही ही गाडी चालवायचात तेव्हा ती खालच्या वळणावर आली, की गाव तुमचं नाव घेऊन म्हणायचं, शुक्री आला. आता बापाच्या जागी जायचं तर असल्या आवाजात? सायलेन्सर गंजला होता, तेवढाच बदलला असता तर आज हे पत्र दोन ओळींचं झालं असतं. पण मी ती नेली तन्नूसकडे. (तोच तो, खालच्या रस्त्यावर गाड्यांच्या धुराचे पाइप जोडणारा आणि स्वतःला मुअल्लिम, म्हणजे पट्टीचा कारागीर, म्हणवून घेणारा. त्याच्या गॅरेजात फक्त दोन वस्तू नेहमी चमकतात, वेल्डिंगची ठिणगी आणि त्याचे केस.) तो म्हणाला, "उस्ताद, आवाज कसा हवा? प्रार्थनेसारखा की भाषणासारखा?" अबू जुमाना, असा प्रश्न मला विचारल्यावर दुसरं काय होणार होतं?

त्याने एकाऐवजी दोन जाडजूड पाइप बसवले. दुसऱ्याला जागा नव्हती. वाटेत एक बारीक नळी येत होती, ती त्याने हलकेच वाकवली आणि हलू नये म्हणून तारेने पाइपलाच नीट बांधून टाकली. बाजूने हातब्रेकची दोरी जात होती, ती नव्या पट्टीखाली दाबली गेली. मी तिथेच उभा होतो. नळी कसली, असं मी विचारलंही. तो म्हणाला, "जुन्या गाड्यांत असल्या नळ्या फार असतात." ज्या माणसाने आयुष्यात एकाही मंत्र्याचं वाक्य पुराव्याशिवाय सोडलं नाही, त्याने हे वाक्य सोडलं. कारण त्याच वेळी त्याने इंजिन चालू केलं आणि तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले.

लग्नाच्या आधी एकदा रंगीत तालीम करावी म्हणून आम्ही तिघं वरच्या मठाकडे निघालो. अफीफा माझ्या शेजारी, जुमाना मागे, तिच्या मांडीवर पाहुण्यांना वाटायच्या साखरबदामांचं तबक. (तबक कशाला, असं विचारू नका. तुमची बायको तालीमसुद्धा साग्रसंगीत करते.) मठापर्यंतच्या चढावर गाडी अशी गरजली, की साधूने खिडकी लावून घेतली. तेवढ्या चढाने ते पाइप चुलीतल्या सळईसारखे तापले होते. आणि उतार लागताच मी गिअर काढून गाडी मोकळी सोडली. पेट्रोलच्या रांगांच्या दिवसांत आपल्या अख्ख्या डोंगराला लागलेली ही सवय. इंजिन गाडीला ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ती बारीक नळी ब्रेकच्या तेलाची होती, हे मला तिसऱ्या वळणावर कळलं. तेल उकळून त्याची वाफ झाली होती, आणि वाफेवर पाय दाबला तर तो तळापर्यंत जातो, गाडीला त्याचं काही वाटत नाही. जुन्या गाडीत चारही चाकांना एकच नळी, तेव्हा चारही चाकं एकदम माझ्या विरोधात गेली. हातब्रेक ओढला, तो जागचा हलला नाही. गिअर टाकायला गेलो, त्याने दात खाल्ले.

सवयीप्रमाणे बोंबा मारायच्या ऐवजी मी भोंगा वाजवला. आपल्या गावात नवरीच्या गाडीचा भोंगा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. लोकांना वाटलं, लग्न अलीकडे ओढलं. बायका गच्चीवर धावल्या, त्यांनी आमच्यावर तांदूळ फेकले आणि जिभा हलवून मंगल किलकाऱ्या दिल्या. आरशात जुमानाचं तोंड उघडं दिसलं. मला वाटलं, पोरगी अखेर खुलली, तीही किलकारी देते आहे. ती "खालो, थांब" म्हणत होती. मी हौसेने बसवून घेतलेल्या त्या दोन पाइपांच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. तुमचा चुलतभाऊ हबीब रिवाजाप्रमाणे वधूची वाट अडवायला दोरी घेऊन रस्त्यात उतरला होता. त्याने दोरी टाकून अंजिराच्या झाडाचा आसरा घेतला, तो आजही मला ओळख देत नाही.

पुढे रस्ता दरीकडे वळतो आणि सरळ गेलं की तुमचं फाटक. मी सरळ गेलो. फाटक, पायरी, काचेचं दार, आणि पाहुण्यांसाठी चादरी घालून जपलेले ते दोन मोठे कोच. कोचांनी गाडी थांबवली. अफीफाचं कोपर सुजलं, जुमानाचा गुडघा खरचटला. माझा आवाज बसला, तेवढ्यासाठी गावाने देवाचे आभार मानले. साखरबदाम अजून कपाटाखाली सापडत आहेत.

सगळं शांत झाल्यावर जुमाना मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा असते तर हळू आले असते." एवढंच. या वेळी माझ्याकडे राजाचा घोडाही नव्हता. त्या पोरीला मी दरीच्या काठावरून नेलं, ते केवळ तिच्या शांततेला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं म्हणून. हे मला रोज आठवतं.

आपला अपराधी,
वदीअ

ता. क. लग्न ठरल्या रविवारीच आहे. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला जुमाना तयार नाही. चालत जाईन म्हणते. पण नवरी एकटी चालत नाही, हात धरायला कोणीतरी लागतं. मी माझा हात पुढे केला. तिने तो प्रेमाने परत केला.

ता. क. २. गाडी अजून दिवाणखान्यातच आहे. येणारे-जाणारे तिच्या भोवती बसून कॉफी पितात, अफीफा बॉनेटवर ट्रे ठेवते. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ती हलणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. हे तितकंसं खरं नाही. तन्नूसने गालिच्यावर आडवं पडून ते पाइप काढले, साधा एकच बसवला, नळीच्या वाटेपासून लांब, मध्ये पत्रा घालून; हातब्रेकही मोकळा केला. फक्त ब्रेकची नवी नळी यायची आहे, असं तो गावाला सांगतो, कारण मी त्याला तसं सांगायला लावलं आहे. नळी आली आहे. ती माझ्या उशाखाली आहे, आणि अफीफाने मागितली तरी देणार नाही. तुम्ही फाटकात उभे राहा, तुमच्या हातात देतो. बसवायला अर्धी सकाळ पुरते, आणि रविवारी गाडी हळू चालवणारा माणूस हवा आहे.