एरंडाचा पराग

कोल्हार, ११ डिसेंबर १९७२

ती. सौ. आक्कास, गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

मी प्रयोगशाळेत कोळी पाळतो हे तू गावभर हसून सांगतेस. आज त्यांच्यासाठीच मागणं आहे. डोळ्याला जेमतेम दिसणारे हे कोळी पिकावरच्या लाल कोळ्यांना खातात. फवारणीशिवाय पीक वाचावं म्हणून तीन वर्षं वाढवले. दुष्काळात घेवडा वाळला, त्यावरचे लाल कोळीही संपले. एरंडाच्या परागावर हे तग धरतात, पण इथला एरंड जळाला. आठशे उरलेत, फार तर पंधरा दिवस. तुमच्या विहिरीवरचा एरंड फुलला असेल तर सकाळी फुलं कागदावर झटकून ती पिवळी पूड पाठव.

दाजींना नमस्कार. हसलीस तरी माया पातळ करू नकोस.

गोरक्ष

तिसगाव, १६ डिसेंबर

चि. गोरक्षास, अ. उ. आ.

आमी दुष्काळी कामावर खडी फोडून सरकारी सुकडी खातो अन् तुझ्या किड्यांना फुलांचं जेवन! सासूबाई म्हणतात, पुढल्या जन्मी गोरक्षाचा कोळीच व्हावं. तरी तीन दिवस कामावर जायच्या आधी झटकलं. एरंड आता रिकामा झाला. डबा छगन कंडक्टरकडं देते. ज्वारीच्या कणगीत घालतो ती गॅमेक्सिन पावडर त्यात चांगली चोळलीय, म्हंजे वाटेत किडा लागायचा न्हाई.

जेवत जा. आक्काची आठवण ठेव.

मनकर्णा

कोल्हार, २० डिसेंबर (न टाकलेलं)

ती. सौ. आक्कास,

डबा सतराला आला, तुझं पत्र आज. वास येत होता. डब्याचा असेल असं वाटलं. अर्ध्या पानांवर पराग टाकला. सकाळी त्या पानांवर काही हलत नव्हतं. उरलेले आता आपलीच अंडी खातात. आक्का, ती पावडर

कोल्हार, २० डिसेंबर

ती. सौ. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. कोळ्यांना पराग मानवला. आता त्रास घेऊ नकोस. आहे तो जीव लावत राहा.

गोरक्ष

तिसगाव, २४ डिसेंबर

चि. गोरक्षास, अ. उ. आ.

मानवला म्हणालास, मग राहवलं न्हाई. कामावरच्या लंकाबाईच्या माहेरी सोनईला एक एरंड हिरवा हाय असं कळलं. दोन दिवस काम बुडवून गेले. पयल्यापेक्षा दुप्पट निघाला. त्या अंगाला तोच शेवटचा. छगन उद्या डबा आणील. खाडा पडला म्हणून मुकादम बोलला, पण तुझं तीन वर्षांचं काम वाचलं याचंच समाधान.

आणि हो, गॅमेक्सिन या खेपेला दुप्पट घातलीय.

तुझीच,
आक्का